चोरीचा तोटा कोणास?



रात्रीं दाराला कडी घालून आपण निजतों, तेव्हां त्या कडीपेक्षां अधिक विश्वास आपण एका न दिसणाऱ्या व्यवस्थेवर टाकीत असतों. रस्त्यावर दिवा जळत असेल, कोपऱ्यावर शिपाई असेल, शेजारी हांकेला ओ देईल, आणि एवढें असूनहि कांहीं विपरीत घडलेंच तर त्याची दाद कोठें तरी लागेल, हा तो विश्वास होय. ह्या व्यवस्थेचा इतिहास सहसा कोणी सांगत नाहीं. लढाया, तह आणि गादीचे वाद ह्यांनीं बखरी भरलेल्या असतात. रात्रीची गस्त कोण घालीत होतें आणि गस्त चुकली तर जाब कोणास द्यावा लागे, हें बखरकार क्वचितच लिहितो. परंतु जुन्या दप्तरांतील सनदा, यादी आणि जमाखर्च चाळले, तर त्या प्रश्नाचें उत्तर तेथें सांपडतें. आज त्यांतील एकच धागा धरून थोडा इतिहास आपणांपुढें मांडावा असा माझा विचार आहे. तो धागा असा: चोरी झाली, तर तोटा कोणास होत असे? ज्याच्या घरीं चोरी झाली त्याचा तोटा उघडच आहे. पण ज्यानें रक्षण करावयाचें, त्यास त्यांत कांहीं गमवावें लागे, कीं उलट त्याची प्राप्तिच होत असे? प्रश्न दिसावयास रोकडा आहे; परंतु नगरांच्या सुखदुःखाचा पुष्कळसा इतिहास त्याच्या उत्तरांत सांठविलेला आहे.

आरंभ खेड्यापासून करूं. इ. स. १८१८ मध्यें पेशवाईचा शेवट झाल्यावर तिच्या मुलखाची व्यवस्था माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन ह्याच्याकडे आली. १८१९ मध्यें त्यानें ह्या मुलखाविषयीं एक विस्तृत अहवाल लिहिला. त्यांत गांवच्या बंदोबस्ताचें मोठें बारकाईचें वर्णन आहे. गांवच्या शांततेची जबाबदारी पाटलाची. कुळकर्णी आणि चौगुला हे त्याचे मदतनीस. परंतु पाटलाचा खरा हात म्हणजे जागल्या. प्रांतपरत्वें हें काम रामोशी, महार, मांग, भिल्ल किंवा कोळी ह्यांच्याकडे असे. वतन एकाच्या नांवाचें असलें, तरी कामाला सारें कुटुंब जुंपलेलें असे. रात्रीं पहारा करावा, गांवांत कोण आला व कोण गेला हें ध्यानांत ठेवावें, नवख्या माणसाची खबर पाटलास द्यावी, गांवांतील प्रत्येकाची चालचलणूक ओळखून असावें, हें जागल्याचें कर्तव्य. ह्या चाकरीबद्दल त्याला दरमहा रोख पगार मिळत नसे. सुगीच्या वेळीं खळ्यावरील धान्याचा वांटा, कोठें थोडी जमीन आणि वतनाबरोबर चालत आलेले हक्क, एवढ्यावर त्याचा चरितार्थ चाले.

चोरी झाली म्हणजे ह्या व्यवस्थेची परीक्षा होई. जागल्या चोराच्या पावलांचा माग काढीत निघे. माग शेजारच्या गांवच्या शिवेपर्यंत पोंचला, कीं त्या गांवच्या जागल्यास बोलावून तो त्याच्या हवालीं करावयाचा. त्यानें तो आपल्या हद्दींतून पुढच्या शिवेपर्यंत नेऊन दिला, तर त्याचें गांव सुटलें आणि पुढच्या गांवाची जबाबदारी सुरू झाली. असा माग गांवोगांव फिरत जाऊन ज्या शिवेच्या आंत तो नाहींसा होई, त्या गांवानें चोर हजर करावा, नाहीं तर गेल्या मालाची भरपाई करून द्यावी, असा शिरस्ता होता. म्हणजे चोरी ही एका घराची खाजगी आपत्ति राहत नसे. ती गांवाच्या नांवावर मांडली जाई. आपल्या शिवेंत माग अडला तर झीज आपणांस सोसावी लागेल, हें एकदां कळल्यावर नवख्या माणसाची विचारपूस करण्यास सरकारी हुकमाची गरज राहत नाहीं. चोरी न होण्यांतच रखवालदाराचा आणि गांवाचा लाभ होता.

हा विचार केवळ आपल्याकडचाच होता असेंहि नाहीं. इंग्लंडांत १२८५ सालच्या विंचेस्टरच्या कायद्यानें, वाटमारी झाली आणि चोर सांपडला नाहीं, तर ती ज्या टापूंत झाली त्या टापूंतील रहिवाशांनीं मिळून नुकसानीची जबाबदारी घ्यावी असें ठरविलें होतें. एकमेकांचें नांवहि ठाऊक नसलेल्या दोन देशांना एकच युक्ति सुचावी, ह्याचें कारण उघड आहे. राजाचा शिपाई जेथें रोज पोंचूं शकत नाहीं, तेथें शेजाऱ्यावरच भिस्त ठेवावी लागते. आणि नुसत्या उपदेशानें शेजारी जागा राहत नाहीं.

परंतु ह्या पद्धतीला सुवर्णयुग समजण्याचें कारण नाहीं. भरपाईची रक्कम बहुधा जागल्याच्या ऐपतीबाहेर असे. त्यामुळें पुष्कळदां वसुली पुरी होतच नसे. धनवान सावकाराच्या चोरीचा भार दरिद्री रखवालदारावर पडणें हें न्यायाचेंहि नव्हतें. शिवाय रात्रीची सारी जोखीम मुख्यतः त्यांच्याच माथीं होती, ज्यांना गांवानें सर्वांत खालच्या पायरीवर ठेविलें होतें. ज्यांनीं गांव राखावा असें ठरलें, त्यांतील महारमांगांना गांवकुसाच्या आंत राहण्यास जागा नव्हती. जबाबदारी सर्वांची असें म्हणावयाचें आणि जागरण मात्र दुबळ्याकडे सोंपवावयाचें, हा ह्या व्यवस्थेंतील दोष होता, आणि तो पुढेंहि रूप बदलून टिकून राहिला.

खेड्याची ही रीत शहरांत चालण्यासारखी नव्हती. जेथें दिवसाकाठीं हजारों पावलें एकाच रस्त्यावरून जातात, तेथें चोराचा माग तो कसा काढावा? जेथें आज आलेला मनुष्य उद्यां निघून जातो, तेथें त्याची चालचलणूक कोणी ओळखावी? मराठी राज्यांत हा प्रश्न तीव्रपणें उभा राहिला तो पुण्यांत. अठराव्या शतकाच्या आरंभीं पुणें हा एक लहानसा कसबा होता. पहिल्या बाजीरावांनीं तेथें ठाणें केल्यावर आणि शनिवारवाडा उभा राहिल्यावर पेठांमागून पेठा वसूं लागल्या. नवी पेठ वसवावयाची म्हणजे सरकारांतून कौल देऊन वाणीउदमी बोलवावयाचे, कांहीं वर्षें पट्टी माफ करावयाची आणि पेठेची देखरेख शेटेमहाजनांकडे सोंपवावयाची, अशी वहिवाट होती. शहर अशा रीतीनें झपाट्यानें वाढलें. पण तें एका गोत्याप्रमाणें वाढलें नाहीं, परक्या बिऱ्हाडांच्या ओळीप्रमाणें वाढलें. फौजा येत आणि जात. सावकार, कारकून, शागीर्द, भिक्षुक, कलावंत आणि उपाशी गरीब, सर्वांचा तेथें राबता. त्यांतच १७६३ सालीं निजामअलीच्या फौजेनें पुणें लुटलें व जाळलें. पुढच्याच वर्षीं, म्हणजे १७६४ मध्यें, माधवराव पेशव्यांनीं बाळाजी नारायण केतकर ह्यांस पुण्याची कोतवाली सांगितली.

कोतवाल म्हटला म्हणजे आपल्या डोळ्यांपुढें हातांत सोटा घेतलेला शिपाईगडी उभा राहतो. पेशवाईंतील कोतवालाचें काम त्याहून फार विस्तृत होतें. पेठांतील महत्त्वाचे तंटे तोडावे. बाजारांतील भाव आणि वजनेंमापें ह्यांवर नजर ठेवावी. सरकारी कामास मजूर पुरवावे. घरें, गल्ल्या व रस्ते ह्यांविषयींच्या कज्जांचा निकाल करावा. जागांच्या खरेदीविक्रीची देखरेख ठेवावी. शहरांतील माणसांची खानेसुमारी करावी आणि येणाऱ्याजाणाऱ्यांची नोंद राखावी. जुगारास आळा घालावा. इतकीं सारीं कामें त्याच्याकडे असत. पेठापेठांतून त्याच्या चावड्या होत्या, आणि हाताखालीं शिपाई, स्वार व रामोशी असत. आजच्या भाषेंत बोलावयाचें तर पोलिस, म्युनिसिपालिटी, कनिष्ठ न्यायालय आणि बाजारावरील अधिकारी, हे चारहि त्या एका कचेरींत नांदत होते.

ही मांडणी अडाणीपणाची होती असें मात्र कोणी समजूं नये. तिच्या मुळाशीं एक मार्मिक जाणीव होती. चोरी किंवा खून हा गुन्ह्याचा शेवट असतो. त्याचा आरंभ पुष्कळदां अगदीं साध्या ठिकाणीं होतो. खोट्या मापावरून दुकानापुढें बाचाबाची होते. धान्य अकस्मात् महाग झालें कीं दंगा होतो. सामाईक भिंतीचा वाद वर्षभर कुजत पडला कीं त्यांतून डोकीं फुटतात. अनोळखी बिऱ्हाडाची कोणास दादच नसली कीं तेथें चोरीचा माल दडतो. भाव, भिंत, माप आणि बिऱ्हाड ह्यांची ज्याला वेळेवर माहिती आहे, त्याला पुढें तलवार कमी उपसावी लागते. शहराच्या रक्षणाची योजना शहराच्या रोजच्या व्यवहारापासून वेगळी काढतां येत नाहीं, हें पुण्याच्या कोतवालींत गृहीत धरलेलें होतें.

आणि तिचा परिणामहि दिसून येत असे. विल्यम हेन्री टोन नांवाचा एक आयरिश अधिकारी अठराव्या शतकाच्या अखेरीस पेशव्यांच्या चाकरींत होता. त्यानें पुण्याच्या बंदोबस्ताची तारीफ केली आहे. रात्रीं दहा वाजतां तोफ होई, आणि त्यानंतर रस्त्यावर सांपडलेल्या मनुष्यास गस्तवाले पकडून सकाळपर्यंत अडकवून ठेवीत, असें तो सांगतो. शहरांतील शांततेचें पुष्कळसें श्रेय तो ह्याच नियमास देतो. एल्फिन्स्टननेंहि पुढें पुण्याच्या बंदोबस्ताविषयीं एकंदरींत बरेंच मत नोंदविलें आहे. घरोघर पेट्यांतून सोनेंनाणें असलेल्या, आणि बाहेरून आलेल्या सशस्त्र माणसांनीं भरलेल्या शहराच्या मानानें ही गोष्ट लहान नव्हती.

आतां आपल्या धाग्याकडे वळूं. ह्या व्यवस्थेचा जमाखर्च कसा होता? मराठी हिशेबांत जमेच्या बाजूस एक सदर असे. त्याचें नांव ‘गुन्हेगारी’. आज आपण हा शब्द समाजांतील गुन्ह्यांच्या प्रमाणास लावतों. तेव्हां त्याचा अर्थ होता अपराध्याकडून घेतलेला दंड, म्हणजे सरकारचें उत्पन्न. कज्जांत जो जिंकला त्यानें ‘हरकी’ द्यावी, जो हरला त्यानें ‘गुन्हेगारी’ द्यावी. दोन्ही बाजूंनीं सरकारांत भरणा. कोतवालीच्या कचेरींतहि दंड आणि नाना प्रकारची फी ह्यांची आवक होत असे. खेड्याशीं हें ताडून पाहावें. खेड्यांत अपराध घडला कीं राखणदाराच्या पदराला खार लागे. शहरांत अपराध घडला, किंवा घडला असें ठरलें, कीं राखणदाराच्या कचेरींत जमा होई. एकाचा स्वार्थ चोरी टळण्यांत, तर दुसऱ्याचा स्वार्थ अपराध सांपडण्यांत. जो अधिकारी दंडावर पोसला जातो, त्याला निरपराध शहर हें रित्या खजिन्यासारखें वाटूं लागतें.

तशांत अपराध कशास म्हणावें ह्याची व्याख्याहि पसरट होती. चोरी व मारामारी ह्यांबरोबर जातिधर्माचे नियम मोडणें आणि स्त्रीपुरुषांचे संबंध हींहि कोतवालाच्या चौकशींत येत. बदकर्माचा आरोप लागू झालेल्या स्त्रीस बटीक करून सरकारांत ठेवण्याची चाल पेशवाईंत होती. एकाच अपराधाला जातीप्रमाणें शिक्षा निराळी असे. तेव्हां पुण्याची रात्र शांत होती असें म्हणतांना, ती कोणाच्या दृष्टीनें शांत होती, हेंहि विचारलें पाहिजे. वाड्याच्या दिंडीदरवाजामागें झोंपलेल्या कुटुंबास जी गस्त आधार वाटे, तीच चावडीवर ओढून नेलेल्या निराधार स्त्रीस संकट वाटत असेल.

ह्या साऱ्याची परिणति घाशीराम सावळदासाच्या कारकीर्दींत झाली. घाशीराम हा औरंगाबादेकडील कनोजी ब्राह्मण. नाना फडणिसांचा त्याजवर विश्वास होता. १७७७ मध्यें त्याला कोतवाली मिळाली आणि चौदा वर्षांवर ती त्याच्याकडे राहिली. त्याच्या जुलमाच्या कथा पुढें इतक्या वाढल्या कीं त्यांतील खऱ्याखोट्याची निवड करणें अवघड आहे. १८६३ सालीं मोरोबा कान्होबा ह्यांनीं त्याच्या नांवानें पुस्तक लिहिलें. १९७२ मध्यें विजय तेंडुलकरांचें नाटक रंगभूमीवर आलें. आणि कोतवालाचें नांव हेंच एक दृष्टांत होऊन बसलें. परंतु त्याच्या अंताची मुख्य हकीकत निश्चित आहे. ऑगस्ट १७९१ मध्यें, श्रावणांतील दक्षणेसाठीं पुण्यास आलेले कांहीं तेलंगी ब्राह्मण कोतवालाच्या माणसांनीं पकडले आणि एका कोंदट कोठडींत कोंडून घातले. त्यांतील सुमारें वीस जण गुदमरून मेले. मानाजी शिंदे फांकडे ह्या सरदाराच्या पुढाकारानें ती कोठडी उघडली, तेव्हां प्रेतेंच बाहेर निघालीं. शहरांतील ब्राह्मणसमुदाय खवळून उठला. अखेर घाशीरामास लोकांच्या स्वाधीन करण्यांत आलें. त्याची धिंड निघाली आणि दगडांनीं ठेंचून त्याला मारण्यांत आलें.

ह्या प्रसंगाकडे आपण बहुधा एका दुष्ट माणसाची गोष्ट म्हणून पाहतों. माझ्या मतें त्यांतील विचार करण्याजोगी गोष्ट निराळी आहे. चौदा वर्षें शहरांतील लोकांना कोतवालाविरुद्ध दाद मागण्याची भरवंशाची जागा कोणती होती? तंटा कोतवालापुढें, दंड कोतवालाकडे, शिपाई कोतवालाचे आणि कोतवालावर मर्जी दरबारच्या कारभाऱ्यांची. शहराची खानेसुमारी कोतवालीस ठाऊक होती. परंतु कोतवालीच्या कोठड्यांत किती माणसें आहेत, हें शहरास ठाऊक नव्हतें. जेथें जाब विचारण्यास चौकट नसते, तेथें जाब दगडांनीं विचारला जातो. आणि दगडांचा न्याय हा न्याय नव्हेच, तो दुसरा एक अपराध असतो. कोतवाल मेला म्हणून कोतवालीची रचना बदलली नाहीं.

असा प्रकार त्या काळीं अन्यत्रहि घडत होता. लंडनमध्यें चोर पकडून देणारास बक्षीस, आणि चोरीचा माल परत मिळवून देणारास मालकाकडून मोबदला, अशी पद्धति असतां जोनाथन वाइल्ड नांवाच्या इसमानें चोर पाळून, त्यांच्याकडून चोऱ्या करवून, माल परत देण्याचा धंदाच मांडला. १७२५ मध्यें त्याला फांशी झाली. खुद्द मुंबईंत कंपनी सरकारनें १७७९ मध्यें जेम्स टॉड ह्यास पोलिसाचा लेफ्टनंट नेमलें होतें. १७९० मध्यें, म्हणजे घाशीरामाच्या अंताच्या एकच वर्ष आधीं, त्याच्यावर लांचलुचपतीच्या आरोपावरून खटला झाला. मुंबईचा अधिकारी पुण्याच्या अधिकाऱ्याहून सोंवळा होता असें नाहीं. भेद इतकाच कीं एकास न्यायासनापुढें उभें करण्याची सोय होती आणि दुसऱ्यास ती नव्हती. त्या एका भेदावर शहराचें बरेंच कांहीं अवलंबून असतें.

पेशवाई गेल्यावर नव्या सरकारनें पगारी शिपायांची आणि लेखी कायद्याची पद्धति आणली. दंडाच्या जमेवर जगणारा कोतवाल गेला, हा मोठा लाभ झाला. परंतु त्याबरोबर जुन्या राखणदारांच्या हक्कांचीहि ओढाताण झाली, आणि त्याची किंमत द्यावी लागली. पुरंदर किल्ल्याच्या परिसरांतील रामोशांकडे पिढ्यान्‌पिढ्या रखवालीचें काम होतें. तें काम व त्याबरोबरचे हक्क गेल्यावर उमाजी नाईक ह्यांच्या पुढारीपणाखालीं त्यांनीं बंड उभारलें. मध्यंतरीं सरकारनें उमाजींना माफी देऊन चाकरींतहि घेतलें. पण तें टिकलें नाहीं. ३ फेब्रुवारी १८३२ रोजीं पुण्यांत त्यांना फांशी देण्यांत आलें. आज महाराष्ट्र त्यांचें स्मरण आद्य क्रांतिकारक म्हणून करतो. ज्याच्या हातीं काल किल्ल्याची राखण होती, त्याच्या हातची भाकरी काढून घेऊन मुलूख सुरक्षित होत नाहीं, हा त्या सहा वर्षांच्या धांवपळीचा अर्थ. दुर्दैवानें तो उमजला नाहीं. १८७१ च्या कायद्यानें कित्येक जमातींवर जन्मतःच गुन्हेगारीचा शिक्का मारण्यांत आला. हजेरी, परवाने आणि तारेच्या कुंपणांतील वसाहती त्यांच्या नशिबीं आल्या. तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजीं रद्द झाला. रक्षणाच्या नांवाखालीं शेजाऱ्यालाच शत्रु ठरविण्याची ही पद्धति स्वराज्यांतच संपली. तिचा डाग अजून पुरता गेलेला नाहीं.

१८६७ सालीं मुंबई इलाख्यांत दोन कायदे एकापाठोपाठ झाले. एक जिल्हा पोलिसांचा, दुसरा गांवपोलिसांचा. दुसऱ्यानें पोलिस पाटलाची संस्था कायम राखली. शहरांत मात्र एक नवी वांटणी होऊं लागली. रस्ते, दिवे, स्वच्छता आणि बाजार म्युनिसिपालिटीकडे. शिपाई, चौकी आणि तपास सरकारी पोलिसांकडे. मुंबईंत १८६५ मध्यें रस्त्यांवर गॅसचे दिवे लागले, आणि दिवाबत्ती हें पुढें म्युनिसिपालिटीचें बंधनकारक कर्तव्य ठरलें. पण पोलिसांचा खर्च कोणी सोसावा? तो बराच काळ मुंबईच्या नगरपालिकेवर होता, आणि त्यावरून सरकार व नगरपालिका ह्यांत सतत कुरबूर चाले. खर्च नगरवासीयांचा आणि हुकूम सरकारचा, हें नगरसेवकांना कसें रुचावें? अखेर १९०७ च्या कायद्यानें पोलिसांचा खर्च सरकारनें उचलला आणि त्याच्या बदल्यांत प्राथमिक शिक्षण, वैद्यकीय मदत इत्यादि बाबी नगरपालिकेनें पत्करल्या. हिशेब मिटला, पण त्याबरोबर नगरसभेंत शहराच्या रक्षणाविषयीं हक्कानें बोलण्याचें जें एक निमित्त होतें, तेंहि मिटलें. दिवा विझला तर विचारावें एकास, आणि त्या अंधारांत चोरी झाली तर विचारावें दुसऱ्यास, ही स्थिति तेव्हांपासून अंगवळणीं पडली. कोतवालाच्या एका कचेरींत जीं कामें घट्ट बांधलेलीं होतीं, तीं सुटीं झालीं. जुलमाची भीति कमी झाली हें खरें. पण गुन्ह्याचा आरंभ ज्या साध्या ठिकाणीं होतो, त्या ठिकाणाकडे पाहणारा डोळा आणि गुन्ह्याचा तपास करणारा डोळा हे दोन झाले.

हे दोन डोळे पुन्हां एकत्र आणण्याचे प्रयत्न स्वराज्याच्या उंबरठ्यापासून होत आले आहेत. डिसेंबर १९४६ मध्यें मुंबईंत जातीय दंगलींच्या दिवसांत नागरिकांचें होमगार्ड दल उभें राहिलें. परंतु सर्वांत बोधप्रद उदाहरण भिवंडीचें आहे. मागवाल्यांच्या ह्या गजबजलेल्या गांवीं १९७० आणि १९८४ मध्यें भयंकर दंगली झाल्या. १९८८ च्या सुमारास तेथें पोलिस उपायुक्त म्हणून आलेले सुरेश खोपडे ह्यांनीं मोहल्ल्यामोहल्ल्यांतून समित्या स्थापिल्या. त्यांत दोन्ही धर्मांचे सामान्य लोक आणि त्या भागाचा पोलिस अधिकारी एकत्र बसत. विषय दंगलीचा नसे; नळ, गटार, घरगुती भांडण, भाड्याचा तंटा, असलेच विषय असत. म्हणजे जुन्या कोतवालाचेच विषय; पण येथें कोतवाल वर आणि नगरजन खालीं असें नव्हतें. दोघेहि एका सतरंजीवर होते. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्यें मुंबई पेटली, तेव्हां तिच्या शेजारची भिवंडी शांत राहिली. पुढें मुंबईंतहि पोलिस आयुक्त सतीश साहनी, निवृत्त पोलिस अधिकारी ज्युलिओ रिबेरो आणि अनेक नागरिक ह्यांच्या प्रयत्नांनीं मोहल्ला समित्या उभ्या राहिल्या. २००७ पासून राज्य सरकारनें महात्मा गांधींच्या नांवें तंटामुक्त गांवाची मोहीम हातीं घेतली. तिच्याहि मुळाशीं हाच विचार आहे कीं भांडण चावडीवर मिटलें तर तें फौजदारीपर्यंत जात नाहीं.

हीच गोष्ट दुसऱ्या एका देशानें कायद्यांत गोंविली. इंग्लंड व वेल्समध्यें १९९८ सालीं झालेल्या कायद्यानें स्थानिक नगरसंस्था आणि पोलिस ह्या दोघांवर संयुक्त बंधन घातलें. त्यांनीं आपल्या भागांतील गुन्ह्यांचा आढावा घ्यावा, तो प्रसिद्ध करावा, लोकांचें म्हणणें ऐकावें आणि मग तीन वर्षांची योजना आंखून तीहि जाहीर करावी, असें तेव्हां ठरलें. इतकेंच नव्हे, तर रस्ता, घरबांधणी, बाग असलें कोणतेंहि काम करतांना त्याचा गुन्ह्यांवर काय परिणाम होईल, ह्याचा विचार नगरसंस्थेनें केलाच पाहिजे असेंहि सांगितलें. ह्यांतील ‘प्रसिद्ध करावा’ हे दोन शब्द मला सर्वांत मोलाचे वाटतात. पुण्याच्या कोतवालींत नोंद होती, खानेसुमारी होती, गस्त होती, तोफ होती. नव्हती ती एवढीच गोष्ट, कीं तिचा हिशेब पेठेला वाचून दाखविला जात नव्हता.

आतां ह्या सर्व हकीकतींतून काय निष्पन्न होतें? गांवाला जागल्याच्या पद्धतीकडे परत जातां यावयाचें नाहीं, आणि जाऊंहि नये. ती दुबळ्याच्या जागरणावर उभी होती. कोतवालाची सर्वंकष सत्ता तर कोणासच नको आहे. परंतु प्रत्येक पद्धतींतील एक एक खरी गोष्ट घेण्यासारखी आहे. जागल्याच्या पद्धतीनें सांगितलें, कीं चोरी हा सर्वांचा तोटा मानला पाहिजे. कोतवालीनें सांगितलें, कीं रक्षणाची सुरुवात मापापासून, भिंतीपासून आणि बिऱ्हाडापासून होते. आणि घाशीरामाच्या अंतानें सांगितलें, कीं जो आपलें रक्षण करतो त्याचा हिशेब घेण्याची रीतसर जागा आपण राखली नाहीं, तर एके दिवशीं तो हिशेब रस्त्यावर होतो, आणि त्यांत सर्वच हरतात.

नगराच्या रक्षणाची कोणतीहि योजना आपणांपुढें आली, मग ती नव्या चौक्यांची असो, यंत्रांच्या नजरेची असो वा नव्या कायद्याची असो, तिला प्रथम आपला हा जुना, व्यवहारी प्रश्न विचारून पाहावा: ह्यांत चोरी टळली तर लाभ कोणाचा, चोरी झाली तर तोटा कोणास, आणि दोहोंचा हिशेब कोणापुढें मांडला जाणार आहे? ह्या प्रश्नाचें उत्तर जेथें सरळ मिळतें, तेथें दाराची कडी थोडी सैल असली तरी चालते.